एका निकृष्ट किटमधून एमआय-१७ उभे करताना

विमानाचे प्लास्टिक मॉडेल आणि हेलिकॉप्टरचे प्लास्टिक मॉडेल यांच्या जोडणीत एक मोठा फरक आहे, आणि तो चांगल्या किटपेक्षा वाईट किटमध्ये जास्त जाणवतो. विमानाचे पंख धडात घट्ट बसले आणि दोन्ही बाजूंचा कोन सारखा राहिला, की बाकीच्या लहानसहान उणिवा सहसा झाकल्या जातात. हेलिकॉप्टरमध्ये मात्र पाहणाऱ्याची नजर प्रथम रोटरवर, म्हणजे वरच्या फिरत्या पात्यांवर जाते, आणि रोटर ज्या उभ्या दांड्यावर बसतो तो दांडा धडाच्या छतावर, छत धडाच्या दोन अर्ध्या भागांवर आणि ते दोन भाग एकमेकांवर अवलंबून असतात. खाली कुठेही पीळ पडला, तर तो वर जाताना वाढत जातो. एमआय-१७ या रशियन बनावटीच्या हेलिकॉप्टरच्या मुख्य रोटरचा व्यास २१.२९ मीटर आहे. १:७२ प्रमाणात तो जवळजवळ २९६ मिलिमीटर होतो, तर धडाची रुंदी जेमतेम ३५ मिलिमीटर भरते. दांडा एका अंशाने जरी बाजूला कलला, तरी एका बाजूच्या पात्याचे टोक सुमारे अडीच मिलिमीटर वर जाते आणि दुसऱ्या बाजूचे तेवढेच खाली येते. पाच मिलिमीटरचा हा फरक कपाटाच्या दुसऱ्या टोकाकडूनही दिसतो आणि कोणत्याही रंगाने झाकला जात नाही.

मी जोडलेले किट याच प्रमाणातले होते. ते कोणत्या कंपनीचे होते हे सांगण्याची गरज नाही, कारण या प्रकारची किट अनेक नावांनी आणि अनेक खोक्यांतून विकली जातात. खोक्यावरचे चित्र निःसंशय एमआय-१७ चे होते: इंजिनांची आखूड आवरणे, त्यांच्या तोंडाशी धूळ अडवणाऱ्या गाळण्या आणि डाव्या बाजूला बसवलेला शेपटीचा रोटर. आतले बहुतेक सुटे भाग मात्र जुन्या एमआय-८ चे होते. हा फरक किरकोळ नाही. एमआय-८ च्या पहिल्या नमुन्याने १९६१ मध्ये एकाच इंजिनावर उड्डाण केले आणि पुढे ते दोन इंजिनांचे झाले. अधिक ताकदीची टीव्ही३-११७ इंजिने बसवलेली एमआय-८एमटी ही आवृत्ती १९७५ मध्ये प्रथम उडाली, आणि निर्यातीसाठी तिला एमआय-१७ हे नाव मिळाले. नवी इंजिने जुन्यांपेक्षा आखूड असल्यामुळे त्यांच्या आवरणांची तोंडे डाव्या बाजूच्या सरकत्या दाराच्या मध्यापर्यंतच येतात, तर जुन्या एमआय-८ मध्ये ती दाराच्याही पुढे जातात. शेपटीचा रोटर उजवीकडून डावीकडे गेला. या दोन खुणा ज्याला ठाऊक आहेत, तो पुसट छायाचित्रातही ही दोन यंत्रे वेगळी ओळखतो.

जुन्या साच्याबद्दल माझी मूळ तक्रार नाही. प्लास्टिक किटचे पोलादी साचे दीर्घायुषी असतात आणि ते करायला खर्चही मोठा येतो, त्यामुळे ते एका कंपनीकडून दुसरीकडे, एका देशातून दुसऱ्या देशात फिरत राहतात. १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ या ब्रिटिश कंपनीच्या ‘फ्रॉग पेंग्विन’ या मालिकेने १:७२ प्रमाणातली प्लास्टिकची सुटी किट बाजारात आणली, आणि त्याच ‘फ्रॉग’चे पुढच्या काळातले अनेक साचे १९७० च्या दशकात सोव्हिएत संघात जाऊन ‘नोवो’ या नावाने पुन्हा वापरात आले. जुना साचा नीट जपलेला असेल, तर त्यातून आजही उत्तम भाग निघतात. या किटची अडचण अशी होती की जुन्या, झिजलेल्या साच्याला कोणीतरी एक छोटा नवा साचा जोडला होता, आणि तो नवा साचा करणाऱ्याने जुने धड हातात घेऊन मोजलेले नव्हते.

हे मोजमाप मी जोडणीआधीच केले. खोके उघडल्यावर प्रत्येक स्प्रू, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट, उजेडासमोर धरून पाहणे आणि शंकास्पद भागांची यादी करणे ही सवय अशा किटसाठी फार उपयोगी पडते. इथे यादी लांबत गेली. जवळजवळ प्रत्येक भागाच्या कडेला फ्लॅश होता, म्हणजे साच्याचे दोन अर्धे घट्ट मिटत नसल्यामुळे त्यांच्या फटीतून बाहेर आलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. फ्लॅश पात्याने खरवडून काढता येतो. त्यात वेळ जातो, पण आकार बिघडत नाही. साच्याचे दोन अर्धे एकमेकांवरून सरकलेले असले, तर मात्र गोल भाग गोल राहत नाही. चाकांचे पाय, अँटेनांचे खांब आणि नियंत्रणाच्या बारीक दांड्या यांचा छेद दोन अर्धवर्तुळे थोडी सरकवून चिकटवल्यासारखा झाला होता, आणि ती पायरी घासून काढली की उरलेला दांडा मूळ जाडीच्या निम्म्यावर येत होता. जाड भागांवर खळगे होते, कारण आतले प्लास्टिक उशिरा थंड होते आणि आकसताना वरचा पृष्ठभाग आत ओढते. दोन्ही वैमानिकांच्या आसनांच्या पाठींवर साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे अगदी दर्शनी बाजूला उमटले होते. शेपटीखालच्या टेकूचे टोक तर आलेच नव्हते. तिथपर्यंत वितळलेले प्लास्टिक पोचलेले नव्हते.

सर्वांत त्रासदायक गोष्ट पट्टीने मोजल्यावर कळली. धडाचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा थोडा आखूड होता. पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचे प्लास्टिक, साच्यात थंड होताना साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसते, आणि पाव मीटर लांबीच्या भागात याचा अर्थ एक मिलिमीटरहून जास्त होतो. दोन्ही अर्धे सारखेच आकसले तर कोणाला कळतही नाही. एक भाग साच्यातून घाईने, गरम असतानाच बाहेर काढला आणि दुसरा नीट निवू दिला, तर दोघांची लांबी वेगळी होते, आणि घाईने काढलेला भाग शिवाय वाकतो. माझ्या किटमध्ये डाव्या अर्ध्याची शेपटी बाहेरच्या बाजूला वळलेली होती. सूचनापत्रकाच्या पहिल्या आकृतीत हे दोन अर्धे बाणांनी एकमेकांकडे सरकताना दाखवले होते आणि पुढच्या आकृतीत ते जोडलेले होते. या दोन आकृत्यांच्या मध्ये जे करावे लागते, तेच या किटचे खरे काम होते.

सर्व स्प्रू आधी भांडी घासण्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन घेतले. साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेले तेलकट द्रव्य जुन्या साच्यांच्या किटमध्ये बरेच सापडते, आणि ते राहिले तर रंग नंतर टेपबरोबर उखडून येतो. वाळल्यावर शेपटीचा वाकलेला भाग गरम पाण्यात धरून, हळूहळू उलट्या दिशेला दाबून, त्याच स्थितीत थंड पाण्याखाली नेला. पॉलिस्टायरीन उकळत्या पाण्याच्या तापमानाजवळ एकदम मऊ होऊन आकार सोडते, म्हणून पाणी त्याहून बरेच कमी गरम ठेवणे आणि घाई न करणे आवश्यक असते. शेपटी बऱ्यापैकी सरळ झाली. लांबीतला फरक अर्थातच तसाच राहिला.

आता प्रश्न असा होता की हा फरक कुठे जाऊ द्यायचा. किटमध्ये दिलेल्या खुंट्या आणि त्यांची भोके एकमेकांसमोर येतच नव्हती, आणि त्या जुळवायचा आग्रह धरला तर छत वाकडे होत होते, म्हणून खुंट्या कापून टाकल्या. त्यांच्याऐवजी एका अर्ध्याच्या आतल्या कडेला प्लास्टिकच्या पत्र्याचे छोटे तुकडे चिकटवले, जेणेकरून दुसरा अर्धा त्यांच्यावर टेकेल आणि पुढे-मागे सरकवताही येईल. मग जोडणीची सुरुवात नाकापासून किंवा शेपटीपासून न करता छतावरच्या त्या जागेपासून केली जिथे रोटरचा दांडा उभा राहणार होता. ती जागा दोन्ही बाजूंनी अचूक जुळवून पातळ, विरघळवणारा गोंद फटीत सोडला आणि पूर्ण घट्ट होऊ दिला. हा गोंद दोन पृष्ठभागांचे प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो, त्यामुळे नंतर सांधा सुटण्याची भीती राहत नाही. तिथून पुढे नाकाकडे आणि मागे शेपटीकडे थोडे थोडे जोडत गेले. लांबीतला सगळा फरक अशा रीतीने मागच्या मालाच्या दारांखाली आणि शेपटीच्या टोकाशी जमा झाला. ही दारे दोन शिंपल्यांसारखी उघडतात आणि त्यांच्यात मुळातच एक उभी रेषा असते, म्हणून तिथे भर घालून नवी रेषा कोरणे शक्य होते. हेलिकॉप्टरच्या बाबतीत दांड्याची जागा आधी पक्की करावी आणि चूक तिच्यापासून जितकी दूर नेता येईल तितकी न्यावी, असे माझे ठाम मत आहे. सूचनापत्रकात दिलेला क्रम नेमका याच्या उलट होता.

धड बंद करण्याआधी वजनाचा विचार करावा लागतो, आणि त्याचाही सूचनापत्रकात उल्लेख नव्हता. एमआय-१७ तीन जागी चाकांवर उभे राहते: पुढे जोडचाक आणि मागे दोन्ही बाजूंना एकेक. मागच्या चाकांच्या पाठीमागे शेपटीची इतकी लांबी उरते की प्लास्टिकचे मॉडेल नाकात वजन नसेल तर हमखास शेपटीवर बसते. खऱ्या यंत्राला शेपटीखाली टेकू असतो, पण तो उतरताना शेपटी जमिनीवर आदळू नये म्हणून असतो. यंत्र त्याच्यावर उभे राहत नाही. नाक जवळजवळ सगळे काचेचे असल्यामुळे वजन लपवायला तिथे जागा नसते. म्हणून शिशाच्या गोळ्या मालकक्षाच्या जमिनीखाली, शक्य तितक्या पुढे, आणि वैमानिककक्षाच्या मागच्या भिंतीमागे बसवून वरून इपॉक्सीने पक्क्या केल्या. धड तात्पुरते टेपने बांधून मागच्या चाकांच्या जागी खाली पेन्सिल धरली, आणि नाक खाली झुकते आहे याची खात्री झाल्यावरच पुढे गेले.

इंजिनांची आवरणे हा या किटचा सर्वांत निराश करणारा भाग ठरला. ती नव्या स्प्रूवर होती. प्लास्टिकही वेगळे होते, धडापेक्षा मऊ आणि रंगाने फिके. आवरणांचा आकार स्वतंत्रपणे पाहिला तर वाईट नव्हता. छायाचित्रांशी ताडून पाहता लांबी बरोबर होती आणि गाळण्यांची गोलाईही मान्य करण्यासारखी होती. पण धडाच्या छतावर ठेवल्यावर दोन्ही बाजूंना अशी फट राहत होती की तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता, आणि आवरणाची खालची वक्ररेषा छताच्या वक्ररेषेशी कुठेच मिळत नव्हती. जुनी, लांब आवरणे जिथे बसायची तिथल्या कडा छतावर तशाच उभ्या होत्या. नव्या आवरणांच्या पुढे आता काहीच येणार नसल्याने त्या कडा उघड्या पडत होत्या.

इतकी मोठी फट पुट्टीने भरू नये. पुट्टी वाळताना आकसते, जाड थरात तडकते, आणि घासताना प्लास्टिकपेक्षा वेगळ्या वेगाने झिजते, त्यामुळे सपाट वाटलेला पृष्ठभाग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, लावल्यावर पुन्हा खड्ड्यासारखा दिसू लागतो. म्हणून छतावरच्या जुन्या कडा आधी छिन्नीच्या पात्याने काढल्या. मग प्लास्टिकच्या पट्ट्या फटीच्या आकाराच्या कापून, एकेक गोंदाने भरून, वाळल्यावर कानशीने खाली आणल्या, आणि शेवटच्या केसाएवढ्या फटीसाठीच पुट्टी वापरली. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून ६०० आणि १००० पर्यंत पाण्याबरोबर घासत जावे लागले. प्रायमरचा पहिला हात दिला की सांधा पुन्हा उमटायचा, आणि मग भरणे व घासणे पुन्हा सुरू व्हायचे.

या घासण्यात छताच्या आसपासचे सारे तपशील गेले. जुन्या साच्यांमध्ये पत्र्यांच्या जोडाच्या रेषा कोरलेल्या नसून उंचावलेल्या असतात, कारण पोलादाच्या साच्यात बारीक चर कोरणे सोपे असते आणि साच्यातला चर म्हणजे मॉडेलवरची उंच रेषा. अशी रेषा एकदा घासली गेली की परत आणता येत नाही. अर्धे मॉडेल उंच रेषांचे आणि अर्धे गुळगुळीत ठेवणे मला पटले नाही, म्हणून सगळ्याच उंच रेषा काढून त्यांच्या जागी जाड टेपच्या आधाराने सुईने चर कोरले. हे काम मला आवडते, हे नमूद करते. छायाचित्रे समोर ठेवून, कोणती झडप कुठे उघडते, कोणत्या पत्र्यावर तंत्रज्ञ उभा राहून इंजिन तपासतो, हे समजून घेत रेषा ओढताना यंत्र खरोखर कळू लागते. पण तो आनंद किटने दिलेला नव्हता, आणि त्याचे श्रेय किटला देणे चुकीचे ठरेल.

नाकाच्या काचेबद्दलही थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण एमआय-१७ चा चेहरा म्हणजे त्याची काच. वैमानिकाच्या पायांखालपर्यंत खिडक्या उतरतात, बाजूच्या खिडक्या बाहेर फुगलेल्या असतात, आणि आत दोन वैमानिकांच्या मध्ये थोडे मागे उड्डाण अभियंत्याचे आसन असते. हे सगळे बाहेरून दिसायला हवे. किटमधली काच इतकी जाड होती की आतली आसने वाकडीतिकडी दिसत होती, आणि तिच्यात वितळलेले प्लास्टिक जिथे दोन प्रवाहांनी येऊन मिळाले तिथे एक तिरकी रेष राहिली होती. ती रेष आतून असल्यामुळे घासून जाणारी नव्हती. त्यात भर म्हणजे काच धडापेक्षा दोन्ही बाजूंनी रुंद होती. धडाच्या आत पुढच्या टोकाशी एक आडवी पट्टी घालून धड काचेच्या रुंदीइतके फाकवले, आणि उरलेली पायरी काच व धड एकत्र घासून काढली. काच घासताना ती आधी पूर्ण पांढरी होते, आणि २००० नंबरच्या कागदापर्यंत जाऊन मग पॉलिशच्या पेस्टने चोळत राहिल्यावरच पुन्हा पारदर्शक होते. पारदर्शक पॉलिस्टायरीन ठिसूळ असते, त्यामुळे दाब देताना खिडक्यांच्या बारीक चौकटींजवळ फार जपावे लागते. चिकटवण्यासाठी पांढरा, पाण्यात विरघळणारा गोंद वापरला. झटपट गोंदाची वाफ काचेवर पांढरट धुके धरते आणि ते आतल्या बाजूला असले तर पुसताही येत नाही.

बाजूच्या गोल खिडक्यांच्या काचा तर वापरण्यासारख्या नव्हत्याच. प्रत्येकीला बाहेरून दिसणारी एक गोल पायरी होती. रंगकाम संपल्यानंतर त्या खिडक्या पारदर्शक होणाऱ्या गोंदाच्या पातळ पडद्याने भरल्या आणि त्या किटमधल्या कुठल्याही काचेपेक्षा चांगल्या दिसल्या.

शेपटीच्या रोटरचा प्रश्न मी मुद्दाम उशिरापर्यंत ठेवला होता. किटमध्ये त्याचे भोक आणि त्याभोवतीचा गिअरबॉक्सचा उंचवटा उजव्या अर्ध्यावर होता, आणि सूचनापत्रकातली आकृतीही रोटर उजवीकडेच दाखवत होती. त्याच किटच्या खोक्यावर तो डावीकडे होता. या यंत्राचा मुख्य रोटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे धड उलट दिशेला वळू पाहते आणि शेपटी उजवीकडे जाऊ पाहते. तिला डावीकडे रेटण्याचे काम शेपटीचा रोटर करतो. जुन्या एमआय-८ मध्ये तो उजव्या बाजूला राहून ढकलतो, तर एमआय-१७ मध्ये डाव्या बाजूला राहून ओढतो, आणि या बदलामुळे त्याची परिणामकारकता वाढली. म्हणजे ही जागा रचनाकारांनी विचारपूर्वक ठरवलेली आहे. कंपनीला नव्या स्प्रूवर शेपटीच्या टोकाचा एक छोटासा तुकडा देता आला असता. तेवढ्याने किट खोक्यावरच्या चित्राशी प्रामाणिक राहिले असते. उजवीकडचा उंचवटा कापून, भोक प्लास्टिकच्या गोल दांडीने बुजवून, सपाट केले. डावीकडे जागा मोजून नवे भोक पाडले आणि कापलेला उंचवटाच साफ करून तिथे बसवला. रोटरची तीन पाती उलट दिशेने पिळलेली असल्यामुळे तीही मुळापासून कापून फिरवावी लागली.

यानंतर मुख्य रोटर. पाच पाती, आणि पाचही वेगवेगळ्या रीतीने वाकलेली. खऱ्या यंत्राच्या पात्याची रुंदी ५२ सेंटिमीटर आहे, म्हणजे या प्रमाणात सुमारे ७ मिलिमीटर. किटमधली पाती रुंदीला बरोबर पण जाडीला दुपटीहून जास्त होती, आणि मागची कड धारदार असण्याऐवजी चौकोनी होती. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरून प्रत्येक पाते खालच्या बाजूने घासले आणि मागच्या कडेला उतार दिला. मग एकेक पाते गरम पाण्यात घालून एका वाकवलेल्या पत्र्यावर टेकवून थंड केले, कारण उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने टोकाकडे खाली झुकतात, आणि सरळ ताठ पाती असलेले स्थिर मॉडेल लगेच खोटे वाटते. हा झुकाव पाचही पात्यांत सारखा यावा म्हणून सगळ्यांना तोच पत्रा वापरला.

रोटरच्या मध्यभागी असलेल्या तुंब्याच्या पाच फांद्या सारख्या कोनात नव्हत्या. त्या ७२ अंशांवर हव्यात. इथे दोन फांद्यांमधले अंतर डोळ्यांनाही कमी-जास्त दिसत होते. कागदावर वर्तुळ काढून त्याचे पाच समान भाग केले, तो कागद लाकडी फळीवर चिकटवला, मध्ये पितळेची सळई उभी केली आणि तिच्यावर तुंबा बसवून फांद्या कापून नव्याने जोडल्या. पाती जोडताना पुढची गोल कड कोणत्या दिशेला येते हे प्रत्येक वेळी पाहावे लागते, कारण किटच्या खाचा दोन्ही बाजूंनी सारख्याच होत्या आणि पाते उलटेही बसू शकत होते. दांड्याचे मूळ भोक सैल आणि छताला काटकोनात होते. खऱ्या यंत्रात दांडा साडेचार अंशांनी पुढे कललेला असतो. भोक मोठे करून त्यात पितळेची नळी बसवली, पुठ्ठ्यावर साडेचार अंशांचा कोन कापून तो बाजूने टेकवला, समोरून काटकोन टेकवला, आणि नळी इपॉक्सीने पक्की होईपर्यंत धड फळीवर बांधून ठेवले. फिरवून पाहिले तेव्हा डावे-उजवे टोक फळीपासून सारख्याच उंचीवर आले. छतापासून जोडणी सुरू करण्याचे फळ इथे मिळाले.

रंगकाम विशेष अडचणीविना झाले. डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे, मात्र पिवळी पडलेली होती आणि लाल ताऱ्यांची पांढरी किनार एका बाजूला सरकून छापली गेली होती. कागद खिडकीच्या काचेवर उन्हात लावून ठेवल्यावर पिवळेपणा बराच उतरला, पण कोपऱ्यातले एक निकामी डिकॅल पाण्यात टाकून पाहिले तर त्याचे तुकडे झाले. उरलेल्यांवर पारदर्शक लॅकरचा थर देऊन, प्रत्येक आकार कडेने कापून वापरला. ताऱ्यांची किनार कापून टाकली, आधी मॉडेलवर पांढरे तारे रंगवले आणि त्यांच्यावर लाल तारे ठेवले. आकड्यांच्या पट्ट्या जशा होत्या तशाच लावल्या.

मला या किटबद्दल राग आहे तो माझ्या श्रमांसाठी नाही. खडबडीत भाग साफ करणे हा या छंदाचाच भाग आहे, आणि झिजलेला साचा ही विकणाऱ्याची अडचण मी समजू शकते. पण खोक्यावर कुठेही असे लिहिलेले नव्हते की आत दुसऱ्या आवृत्तीचे धड आहे आणि नवी आवरणे त्यावर बसत नाहीत. उलट ‘नवशिक्यांसाठी सोपे’ असा शिक्का होता. पहिलेच मॉडेल म्हणून कोणी मुलगा किंवा मुलगी हे खोके उघडेल, खुंट्या भोकात जाणार नाहीत, काच बसणार नाही, रोटर कलेल, आणि सगळा दोष आपल्या हातांचा आहे असे समजून ते सारे परत खोक्यात जाईल. त्या मुलाला कोणी सांगणार नाही की सूचनापत्रकच चुकीचे होते. निदान आतल्या भागांचे खरे छायाचित्र खोक्याच्या बाजूला छापणे आणि साच्याचे मूळ कोणते ते लिहिणे एवढे तरी प्रत्येक विक्रेत्याने करावे, असे मला मनापासून वाटते.

मॉडेल आता आपल्या चाकांवर उभे आहे. चाकांचे पाय पितळी सळईचे आहेत, अँटेनेच्या तारा मेणबत्तीवर तापवून ओढलेल्या स्प्रूच्या आहेत, आणि काचेतली ती तिरकी रेष तशीच राहिली आहे. दोन गोष्टी अजून बाकी आहेत. रोटरच्या मागे एमआय-१७ मध्ये जे छोटे सहायक इंजिन असते, त्याच्या हवेच्या तोंडाचा भाग किटमध्ये नव्हताच. तो प्लास्टिकच्या पत्र्यातून करायचा आहे. शिवाय धडाच्या दोन्ही बाजूंच्या इंधनटाक्या किटमध्ये सारख्या लांबीच्या दिल्या आहेत, तर प्रत्यक्षात उजवीकडच्या टाकीच्या पुढे हवा गरम करणाऱ्या यंत्राचे आवरण असल्याने ती बाजू लांब दिसते, आणि डावी बाजू सरकत्या दाराला जागा ठेवण्यासाठी आखूड असते. उजवीकडची टाकी उतरवली आहे, तिच्या व्यासाची प्लास्टिकची नळी कापून पुढच्या टोकाला जोडली आहे, आणि सांध्यावरची पुट्टी वाळली की ती घासून रंगवायची आहे.